ब्रेक नसलेल्या गाड्या, दुसऱ्याची जमीन

मागच्या एपिसोडमध्ये मी स्पीडवेचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावर "हे नक्की काय असतं?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून हा भाग, ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी लिहून.

2023 च्या उन्हाळ्यात मी प्रोजेक्टसाठी इंग्लंडमध्ये, कोव्हेंट्रीला होतो. टीममधल्या एकाने मला वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीन स्टेडियममध्ये नेलं. लंबगोल मातीचा ट्रॅक, चार रायडर, मिथेनॉलवर चालणाऱ्या 500 सीसीच्या गाड्या. गिअर एकच, आणि ब्रेक? नाहीतच! चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. अशा पंधरा हीट्स. म्हणजे अख्ख्या संध्याकाळीत खरी शर्यत पंधरा-वीस मिनिटं.

मला वाटलं, गर्दी कमी म्हणून ट्रॅक बंद पडत असतील. ते आहेच, पण हिशोब बघा. ब्रिटनमध्ये रायडरला पॉइंटमागे पैसे मिळतात. म्हणजे टीम जिंकायला लागली की प्रमोटरचं बिल वाढतं. आमच्या क्लाउडच्या बिलासारखंच, वापर वाढला की आकडा वाढला. तिकिटं तेवढ्या प्रमाणात खपतीलच असं नाही. शिवाय डॉक्टर आणि अँब्युलन्स हजर असल्याशिवाय गाडी सुरू करता येत नाही. त्यात तिथला पाऊस! ट्रॅकचा चिखल झाला की मॅच रद्द. बराचसा खर्च तोवर झालेला असतो, आणि तिकीट काढलेल्यांना पुन्हा आत सोडावं लागतं ते वेगळंच.

पण हे सगळं सांभाळूनही ट्रॅक जातो, कारण जमीन बहुतेक वेळा प्रमोटरची नसतेच. मॉनमोरचंच घ्या. स्टेडियम मुळात कुत्र्यांच्या शर्यतींचं, स्पीडवे तिथे भाडेकरू. मालकाने करार वाढवला नाही, आणि मी पाहिला तो तिथला शेवटचा सीझन ठरला. त्याच वर्षी पीटरबरोचा ट्रॅकही गेला.

पोलंडमध्ये चित्र वेगळं. तिथे बरीचशी स्टेडियम शहराच्या मालकीची. तोरुनची मोटोअरेना 2009 मध्ये उघडली, तीही शहराचीच. प्रेक्षक आणि टीव्हीचा पैसा तिथे जास्त आहे हे खरं, पण 'उद्या मालक काय म्हणेल' ही टांगती तलवार क्लबच्या डोक्यावर नाही. माझ्या मते निम्मा फरक इथेच पडतो.

पुढच्या रविवारी त्याच सहकाऱ्याने मला कोव्हेंट्रीजवळचं ब्रँडन स्टेडियम दाखवलं, बाहेरूनच. 1928 पासूनच्या 'कोव्हेंट्री बीज' टीमचं हे घर 2016 च्या सीझननंतर बंद झालं. जागा बिल्डरकडे गेली होती, तिथे घरं बांधायची होती. 2022 मध्ये स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली. म्हणजे घरंही नाहीत आणि शर्यतही नाही. तो लहानपणी वडिलांबरोबर दर आठवड्याला इथे यायचा. कुंपणाजवळ उभं राहून तिसरं वळण कुठे होतं ते मला दाखवत होता. मला नुसतं गवत दिसत होतं.

आणि मॉनमोरला? स्पीडवे गेला, कुत्र्यांच्या शर्यती चालू राहिल्या.