उष्णतेचा पंप आणि स्नानाचें ऊन पाणी

विहिरीचें पाणी आपोआप माडीवर चढत नाहीं. त्याला पंप लागतो. उष्णतेचेंही तसेंच आहे. ती स्वभावतः उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे वाहते. तिला उलट्या वाटेनें न्यावयाचें असेल, तर शक्ति खर्चावी लागते. हें काम करणाऱ्या यंत्रास ‘हीट पंप’, म्हणजे उष्णतेचा पंप, म्हणतात. अशा यंत्रानें इमारत ऊबदार करतां येईल, ही कल्पना पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या विल्यम टॉमसन ह्या शास्त्रज्ञानें १८५२ सालीं मांडली. १९३८ सालीं स्वित्झर्लंडांतील झुरिकच्या नगरभवनांत लिम्माट नदीच्या पाण्यांतून उष्णता घेणारा पंप बसविण्यांत आला. आज युरोपांतील लक्षावधि घरें अशा पंपांनीं ऊबदार राहतात. त्यांतील पुष्कळ पंप बाहेरच्या हवेंतूनच उष्णता घेतात.

थंड हवेंत उष्णता कोठून असणार, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु शून्य अंशाची हवाही उष्णतेनें अगदीं रिकामी नसते. पंपाच्या नळ्यांतून शून्याच्या पुष्कळ खालीं उकळणारा द्रव खेळत असतो. हवेंतील उष्णता शोषून त्याची वाफ होते. विजेवर चालणारा कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो व दाबामुळें ती तापते. ही उष्णता घरांतील पाण्यास देऊन तिचा पुनः द्रव होतो. रेफ्रिजरेटर ह्याच तत्त्वावर चालतो.

एकाच पंपानें खोल्या आणि स्नानाचें पाणी हीं दोन्ही तापविणें सोयीचें खरें. पण दोहोंच्या गरजा भिन्न आहेत. फरशीखालील नळ्यांत ३५ अंश सेंटिग्रेडचें पाणी पुरतें. स्नानाच्या टाकींत तें ५० ते ५५ अंश लागतें. चढ जितका उंच, तितकी वीज अधिक. एक युनिट विजेच्या मोबदल्यांत पहिल्या कामीं सुमारें चार युनिट उष्णता मिळत असेल, तर दुसऱ्या कामीं ती तीन किंवा त्याहून कमी मिळते. म्हणून पंपापुढें तीन तोंडांची झडप बसवितात. टाकी थंड झाली कीं झडप फिरते आणि सर्व उष्णता टाकीकडे जाते. तेवढा वेळ खोल्यांचें तापविणें थांबतें. भिंती व फरशी यांनीं ऊब धरलेली असल्यानें घरांतील माणसांस तें सहसा जाणवत नाहीं.

दोनशे लिटर पाणी १० अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास सुमारें ९.३ युनिट उष्णता लागते. साध्या विजेच्या कांडीस तितकीच वीज लागेल. तिप्पट उष्णता देणाऱ्या पंपास सुमारें ३.१ युनिट पुरतील. मात्र टाकींतील नळीचें वेटोळें पुरेसें मोठें हवें. जुन्या बॉयलरच्या टाकींतील लहान वेटोळें पंपाच्या सौम्य उष्णतेस पुरत नाहीं. मग पाणी निवटच राहतें, उरलेलें काम कांडी करते, आणि काटकसरीसाठीं आणलेल्या यंत्रानें बिल मात्र वाढतें.

येथें काटकसरीलाही मर्यादा आहे. कोमट सांचलेल्या पाण्यांत लेजिओनेला नांवाचे जंतु वाढतात. १९७६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें माजी सैनिकांच्या संमेलनांत फुप्फुसांच्या आजाराची सांथ उद्भवून कित्येक जण दगावले. तेव्हांपासून ह्या जंतूंची ओळख पटली. त्यांचे बारीक तुषार श्वासावाटे आंत गेल्यास धोका असतो. सुमारें २० ते ४५ अंशांच्या दरम्यान ते वाढतात आणि ६० अंशांत मरतात. म्हणून पंपाची टाकी कमी तपमानावर ठेवणाऱ्या पुष्कळ घरांत ठरावीक दिवसांनीं कांडीच्या साहाय्यानें पाणी ६० अंशांपर्यंत नेण्याची योजना असते. इतकें कढत पाणी अंगावर पडून भाजूं नये, यासाठीं थंड पाणी मिसळणारी झडप बसवावी लागते. घरांत लहान मुलें वा वृद्ध असतील तर ती हवीच.

तेव्हां अशा यंत्राची परीक्षा केवळ विजेच्या बिलावरून करूं नये. खोल्यांस लागेल तितकीच सौम्य ऊब, टाकीस योग्य वेटोळें आणि आरोग्यास आवश्यक तितकें तपमान, हीं तिन्ही जेथें सांभाळलीं जातात, तेथेंच बचत खरी ठरते.