इंदूरला बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

महाराष्ट्रातील कुटुंबाने घरदार हलवून इंदूरला जावे की जाऊ नये, हा प्रश्न आजचा नाही. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर दिवाण तात्या जोग यांच्या कारभारात होळकरांची राजधानी इंदूरला आली. खान नदीकाठच्या या व्यापारी गावात तेव्हापासून दक्षिणेतून आणि कोकणातून कारकून, शिक्षक, वैद्य आणि भिक्षुक यांची कुटुंबे येऊन स्थिरावली. शंभर वर्षांच्या आत तेथे मराठी समाज इतका रुजला की, १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. पुढे १९३५ आणि २००१ या वर्षीही ते तेथेच भरले.

आज हाच प्रश्न वेगळ्या कारणाने पुढे येत आहे. मुंबई-पुण्यातील जागेची टंचाई, प्रवासात खर्ची पडणारे तास आणि वाढते भाडे यांना कंटाळलेली कुटुंबे लहान शहराचा विचार करू लागली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, पुण्याची ३१ लाख, तर इंदूरची सुमारे २० लाख होती. इंदूर हे लहान गाव नव्हे. तथापि मुंबईकराला ते आटोपशीर वाटते. असा निर्णय घेताना कोणत्या गोष्टी पारखून घ्याव्यात, याचा विचार येथे केला आहे.

दोन याद्या कराव्यात

सर्वसाधारणपणे असे आढळून येते की, कुटुंबे प्रथम भाडे, किराणा आणि पगार यांचा हिशेब मांडतात. तो मांडलाच पाहिजे. परंतु या गोष्टी चुकल्या तरी दुरुस्त करता येतात. भाडे परवडले नाही तर घर बदलता येते. काही गोष्टी मात्र अशा असतात की, एकदा पाऊल उचलल्यावर त्या पूर्ववत होत नाहीत. म्हणून कागदावर दोन याद्या कराव्यात : एक परत फिरविता येणाऱ्या गोष्टींची आणि दुसरी परत न फिरविता येणाऱ्या गोष्टींची. निर्णय दुसऱ्या यादीवरून घ्यावा.

मुलांचे शिक्षण

या दुसऱ्या यादीत पहिले स्थान मुलांच्या शिक्षणाला द्यावे लागेल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवीच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात असतात. महाराष्ट्राच्या कोट्यातून प्रवेश मिळविण्यासाठी, काही ठरावीक अपवाद वगळता, अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. मध्य प्रदेशाचेही स्वतःचे अधिवासाचे नियम आहेत. नववीत शिकणाऱ्या मुलाला घेऊन कुटुंब इंदूरला गेले, तर त्याचा एका राज्यातील हक्क जाण्याचा आणि दुसऱ्या राज्यातील हक्क सिद्ध करता न येण्याचा संभव असतो. मूल पहिली-दुसरीत असेल, तर ही अडचण फारशी उरत नाही. यास्तव आठवी ते बारावी या काळात शक्यतो स्थलांतर टाळावे. ते अटळ असेल, तर दोन्ही राज्यांच्या त्या वर्षीच्या प्रवेश-माहितीपुस्तिका आधी वाचाव्यात.

भाषेचाही प्रश्न आहे. इंदुरात व्यवहाराची आणि शाळेची भाषा प्रामुख्याने हिंदी अथवा इंग्रजी आहे. शाळेत मराठी शिकविली जाईलच, असे गृहीत धरता येणार नाही. तेथील जुन्या मराठी घरांनी पाच-सहा पिढ्या मराठी टिकविली, ती प्रामुख्याने स्वयंपाकघरात, गणेशोत्सवात आणि नाट्यप्रयोगांतून. नव्याने जाणाऱ्या कुटुंबानेही ही जबाबदारी घराकडेच असल्याचे समजून चालावे.

जातीचा दाखला

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांतील कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आरक्षणाच्या याद्या राज्यागणिक निश्चित केलेल्या आहेत. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीचा एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईस आला आणि पुढे त्याने मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली निर्णय दिला की, मूळ राज्यातील अनुसूचित दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या याद्यांत असले, तरी एवढ्याने नव्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. मूळ राज्यातील हक्क आणि केंद्र सरकारच्या अखिल भारतीय नोकऱ्यांतील सवलती यामुळे नष्ट होत नाहीत; परंतु मध्य प्रदेश शासनाच्या राखीव पदांवर किंवा जागांवर महाराष्ट्राच्या दाखल्याच्या आधारे भिस्त ठेवता येणार नाही. हे कळण्याची वेळ मुलाच्या प्रवेशाच्या दिवशी येऊ नये.

दोघांची नोकरी

घरातील एकाला चांगली नोकरी मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजण्यात येते. दुसऱ्या कमावत्या व्यक्तीचे काय, हे विचारले जात नाही. आणि ही दुसरी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. ती महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असेल, तर तिची बदली दुसऱ्या राज्यात होऊ शकत नाही. राजीनामा दिल्यास सेवाज्येष्ठता संपते, आणि मध्य प्रदेशात शासकीय शिक्षिका व्हावयाचे तर त्या राज्याची पात्रता परीक्षा नव्याने द्यावी लागते. हा राजीनामा परत घेता येत नाही. तेव्हा याबाबतचा निर्णय तिच्या संमतीनेच, किंबहुना तिनेच करावयास हवा.

ज्या उद्योगाच्या भरवशावर जावयाचे, त्याचीही पारख करावी. एके काळी इंदूर हे कापड गिरण्यांचे शहर होते. त्यांपैकी हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीची २२४ कोटी रुपयांची रक्कम अदा होण्यास २५ डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. या ३२ वर्षांत अनेक कामगार हयातही राहिले नाहीत. आज शहराला पीथमपूरच्या औद्योगिक क्षेत्राचा, संगणक व्यवसायाचा आणि व्यापाराचा आधार आहे. तरीही मोठ्या महानगरात एक नोकरी सुटली तर दुसरी लवकर सापडते. लहान शहरात त्याच कामाचे पर्याय मोजके असतात. ही नोकरी सुटली तर त्याच शहरात दुसरी कोठे मिळेल, या प्रश्नाचे उत्तर हाती असल्याशिवाय घर विकत घेऊ नये.

पाणी आणि स्वच्छता

केंद्र शासनाच्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा प्रथम आले. २०२३ मध्ये हा मान सुरतबरोबर संयुक्तपणे मिळाला. ओला आणि सुका कचरा घरोघरी वेगळा करण्याच्या शिस्तीचे हे फळ आहे. परंतु स्वच्छ रस्ता आणि पुरेसे पाणी या दोन भिन्न बाबी होत. वाढत्या शहराला जवळचे तलाव अपुरे पडू लागल्याने १९७८ साली नर्मदेचे पाणी आणण्यात आले. सुमारे ७० किलोमीटरवरील जलूद येथून ते चारशे मीटरहून अधिक उंची चढवून आणावे लागते. साहजिकच ते महाग पडते आणि अनेक भागांत एक दिवसाआड मिळत आले आहे. घर पाहण्यासाठी दिवाळीत न जाता मे महिन्यात जावे. नळाला पाणी किती वेळ येते, हे मालकाला न विचारता शेजाऱ्याला विचारावे.

वृद्ध आणि परतीची वाट

वृद्ध माता-पित्यांच्या दृष्टीने रुग्णालयाचे अंतर, ओळखीची माणसे आणि गावाकडे जाण्याची सोय यांना महत्त्व आहे. मुंबईहून इंदूरची रेल्वे आजवर गुजरातमार्गे वळसा घेत आली आहे. मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. मंजुरी आणि धावणारी गाडी यांत वर्षांचे अंतर असते, हे ध्यानात ठेवून आजच्या प्रवासाचाच हिशेब धरावा.

काही बाबी मात्र सहज सुटतात. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य परराज्यातही घेता येते. मतदार यादीतील पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा. वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाचे असल्यास त्याची तेथे नव्याने नोंदणी करून घ्यावी लागते. या सर्व गोष्टी पहिल्या यादीतील होत. त्यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

शक्य असल्यास प्रथम एकाने जावे, वर्षभर भाड्याच्या घरात राहावे आणि मूळ घर त्या काळात विकू नये. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि घरातील एखादे आजारपण तेथे निभावले म्हणजे शहराची खरी ओळख पटते. पूर्वी दक्षिणेतून इंदूरला आलेल्यांना परतीची वाट दूरची आणि कठीण होती. आजच्या कुटुंबाला ती उपलब्ध आहे. दुसऱ्या यादीतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत ती मोकळी ठेवणे, यातच शहाणपण आहे.