स्वस्तात एक्स्टर्नल फ्लॅश घेताय? आधी कॅमेऱ्याच्या डोक्यावर बघा

मोबाईलवर फोटो काढता काढता बऱ्याच जणांच्या हातात डीएसएलआर किंवा मिररलेस येतो, सेकंडहँड का असेना. मग घरातले लगेच म्हणतात, "तुझ्याकडे मोठा कॅमेरा आहे ना, हळदीचे फोटो तूच काढ." संध्याकाळची वेळ, मांडवात पिवळे बल्ब, कॅमेऱ्याला किट लेन्स. फोटो बघितले तर अर्धे हललेले, उरलेले दाणेदार. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश उघडला, तर नवरीचं कपाळ चकाकतंय आणि मागचं सगळं काळंकुट्ट! तेव्हा कोणीतरी सल्ला देतं, "अरे, वरून लावायचा फ्लॅश घे की, ऑनलाइन तीन हजारांच्या आसपास मिळतो."

मिळतो, खरंच मिळतो. पण तो तुमच्या कॅमेऱ्यावर पेटेलच असं नाही. म्हणून किंमत बघण्याआधी एक गोष्ट तपासायची आहे, आणि ती तुमच्या घरातच आहे.

हॉट शूच्या मधला ठिपका

कॅमेऱ्याच्या वर, जिथे फ्लॅश सरकवून बसवतात, त्या धातूच्या खाचेला हॉट शू म्हणतात. त्यात नीट बघा. मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो आणि त्याच्या आजूबाजूला काही छोटे ठिपके. शटर उघडलं की "आता पेट" हा इशारा मधल्या ठिपक्यातून जातो. हा ठिपका बहुतेक कंपन्यांचा एकाच जागी असतो, म्हणून कुठलाही साधा फ्लॅश कुठल्याही कॅमेऱ्यावर चालतो असं पूर्वापार सांगितलं जातं. छोटे ठिपके मात्र प्रत्येक कंपनीची आपापली भाषा बोलतात. प्रकाश किती हवा, लेन्स किती झूम केली आहे, ही माहिती त्यांच्यातून जाते.

गोची इथे आहे. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेल्समध्ये कंपनीने हा मधला ठिपकाच काढून टाकला. आपल्याकडे पहिला कॅमेरा म्हणून नेमके हेच घेतले जातात! स्वस्त मॅन्युअल फ्लॅश फक्त मधल्या ठिपक्याचं ऐकतो, त्यामुळे या कॅमेऱ्यांवर तो बसतो व्यवस्थित, पण पेटत नाही. फ्लॅशवरचं टेस्ट बटण दाबलं की पेटतो, म्हणून लोकांना वाटतं कॅमेराच बिघडला. बिघाड कशातच नसतो. जुन्या १३००डीवर ठिपका आहे, निकॉनच्या डी३५०० आणि डी५६००वरही आहे. तुमच्याकडे कुठलंही मॉडेल असू दे, स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

ठिपका नसेल तर कॅननची भाषा येणारा टीटीएल फ्लॅश घ्यावा लागतो. गोडॉक्सच्या टीटीएल मॉडेलच्या नावात शेवटी एक अक्षर असतं: सी म्हणजे कॅनन, एन म्हणजे निकॉन, एस म्हणजे सोनी, एफ म्हणजे फुजी. कॅननसाठी सी, एवढंच पुरेसं नाही. आपला कॅमेरा दुकानात घेऊन जा, त्यावर फ्लॅश लावून दोन-चार फोटो काढा, मगच पैसे द्या. फ्लॅशचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर ते अपडेट करावं लागतं.

मिररलेसवाल्यांनाही दोन सूचना. कॅनन आर५०चा शू वेगळ्या प्रकारचा आहे, जुन्या पद्धतीचा फ्लॅश लावायला वेगळा अ‍ॅडाप्टर घ्यावा लागतो. आणि सोनी झेडव्ही-ई१० मार्क २मध्ये मेकॅनिकल शटरच नाही, त्यामुळे त्यावर फ्लॅश वापरता येत नाही. पहिल्या झेडव्ही-ई१०वर येतो. नावात एका आकड्याचा फरक, पण पैसे वाया जायला तेवढा पुरतो.

मॅन्युअल की टीटीएल?

टीटीएलमध्ये फ्लॅश आधी एक बारीक चमक टाकतो, कॅमेरा ती लेन्समधून मोजतो आणि खऱ्या चमकेची ताकद ठरवतो. हे सगळं इतकं झटपट होतं की आपल्याला एकच चमक दिसते. मॅन्युअलमध्ये ताकद तुम्ही ठरवायची: पूर्ण, १/२, १/४ असं करत बऱ्याच फ्लॅशमध्ये १/१२८ पर्यंत.

लग्नात माणसं सतत जवळ येतात, लांब जातात. अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, पावपट होतो. म्हणून धावपळीच्या कार्यक्रमात टीटीएल खूप कामाचं. पण घरचे पोर्ट्रेट, वाढदिवस, इन्स्टासाठी पदार्थांचे फोटो एवढंच करायचं असेल, तर माझं मत मॅन्युअलच्या बाजूने आहे. निम्म्या किमतीत काम होतं आणि प्रकाश कसा वागतो ते हाताला कळतं. फक्त अगदी तळातला घेऊ नका. गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ वायएन५६०-४ यांसारख्या फ्लॅशमध्ये रेडिओ रिसीव्हर आतच असतो. म्हणजे पुढे छोटा ट्रिगर घेतला की फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला ठेवून पेटवता येतो.

पहिल्या दिवशी हे करून बघा: कॅमेरा एम मोडवर, शटर १/१२५, एफ/४, आयएसओ ४००, फ्लॅश १/८ वर आणि त्याचं तोंड छताकडे. फोटो काळा आला तर ताकद १/४ करा, पांढरा पडला तर १/१६. शटरला इथे फारसं महत्त्व नाही, कारण फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपूनही जाते. शटर ठरवतं ते मागचं. ते १/३० केलं की मागच्या दिव्यांच्या माळाही फोटोत उजळतात. उलट १/२५०च्या पुढे नेलं, तर बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोवर काळा पट्टा येतो.

जाहिरातीतला मोठा आकडा

खोक्यावर गाईड नंबर छापलेला असतो. तो म्हणजे आयएसओ १००वर अंतर आणि एफ नंबर यांचा गुणाकार. गाईड नंबर ३२ असेल आणि तुम्ही एफ/४वर असाल, तर पूर्ण ताकदीने ८ मीटरपर्यंत पुरेल. पण हा आकडा फ्लॅशचं डोकं झूम करून मोजतात. टीटी६००चा ६० आहे, तो २०० मिमीवर. वायएन५६०-४चा ५८, तो १०५ मिमीवर. त्यामुळे ५८वाला कमी ताकदीचा ठरत नाही. हॉलभर पसरलेला प्रकाश हवा असतो तेव्हा दोघांचेही आकडे बरेच खाली येतात.

त्यापेक्षा डोकं वर आणि बाजूला, दोन्हीकडे वळतं का ते बघा. नुसतं वर वळणारा फ्लॅश घेऊ नका, कारण उभा फोटो काढायला कॅमेरा वळवला की त्याचं तोंड छताऐवजी भिंतीकडे जातं. पांढऱ्या छतावर आपटून आलेला प्रकाश मऊ असतो, चेहरा चकाकत नाही. मांडवात मात्र सांभाळा. वर गुलाबी कापड असेल तर सगळं वऱ्हाड गुलाबी येतं! तिथे, किंवा उघड्या गच्चीवर, फ्लॅशच्या डोक्याला मागून एक पांढरा जाड कागद रबरबँडने बांधा आणि थोडा प्रकाश पुढे वळवा. खर्च शून्य.

सेलवर कंजुषी नको

एकदा एका साखरपुड्याला मी कोपऱ्यावरच्या दुकानातून घड्याळात घालतात ते साधे पेन्सिल सेल आणले होते. पहिले वीस-पंचवीस फोटो झकास. मग फ्लॅशचा लाल दिवा उजळायलाच तयार नाही आणि नेमकी तेव्हाच अंगठी घातली गेली. काकू म्हणाल्या, "परत घाल रे, याचा फोटो आला नाही." सगळे हसले. दुसऱ्यांदा घातलेल्या अंगठीचा फोटो माझ्याकडे आहे, पण दोघांच्या चेहऱ्यावरचा पहिला तो भाव त्यात नाही.

फ्लॅशला दर चमकेनंतर आतला कपॅसिटर पुन्हा भरावा लागतो आणि साध्या सेलला तेवढा करंट झटकन देता येत नाही. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राईड सेल घ्या, २००० एमएएचच्या आसपासचे, आठ नग: चार फ्लॅशमध्ये, चार खिशात. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण कामात ते १.५च्या साध्या सेलला मागे टाकतात. चार्जरसकट हा खर्च फ्लॅशच्या बजेटमध्ये आधीच धरा.

सेकंडहँड घ्यायचा असेल तर

मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात जुने फ्लॅश बघायला मिळतात. चार्ज केलेले सेल सोबत न्या. पूर्ण ताकदीवर लागोपाठ दहा वेळा पेटवून बघा, डोकं वळवल्यावर सैल पडतं का ते बघा, सेलच्या खणात हिरवट-पांढरी बुरशी असेल तर सोडून द्या. रोलच्या जमान्यातला काकांचा फ्लॅश फुकट मिळतोय म्हणून डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातल्या काहींच्या मधल्या ठिपक्यावर २०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो, त्याने कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. आणि बंद पडलेला फ्लॅश यूट्यूब बघून घरी उघडायचा नाही. सेल काढून ठेवले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो.