लिंबाचे दोन थेंब

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरातला न्हाणीचा नळ कधीपासून करंगळीएवढीच धार सोडत होता. पाणी बोअरवेलचं. शेजाऱ्यांनी पाईपवर चुंबक बसवायला सांगितलं, म्हणजे चुना धरत नाही म्हणे. प्लंबरने आधी पाईप कापला. अर्ध्या इंची लोखंडी (जी.आय.) पाईपात पेन्सिल जेमतेम शिरेल एवढी वाट उरली होती. बाकी सगळे तांबडे-काळे फोड. नखाने टोकरले की आत काजळीसारखा ओला गाळ.

"बाय, हो चुनो न्हय," म्हणत त्याने लिंबू मागितलं. खपलीवर दोन थेंब पिळले. काही झालं नाही. मग त्याने पिशवीतून मांद्र्याच्या एका घरातला जुना गीझरचा रॉड काढला. त्यावर अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर होता. थेंब पडताच चुरचुरून फेस आला.

चुना असा ओळखू येतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. शिंपल्या भाजून चुना करतात त्या शिंपल्याही ह्याच द्रव्याच्या. मांद्र्यासारख्या पेडण्याच्या किनाऱ्यावर वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तिथल्या विहिरीच्या पाण्यात चुना उतरतो. आमच्याकडे जांभा दगड, वर लोहखनिजाचा मुलूख. पावसाने धुतलेल्या ह्या मातीत चुना फारसा उरतच नाही. पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, ते लोखंडी पाईपच खातं. चुन्याचा पातळ थर बसला असता तर पाईप थोडा वाचला असता!

चुंबकाची कल्पना जुनी आहे. बेल्जियममध्ये व्हर्मेइरन यांनी १९४५ साली तिचं पेटंट घेतलं. चुंबकाच्या क्षेत्रातून गेलेल्या पाण्यात चुन्याचे स्फटिक वेगळ्या घडणीचे होतात, घट्ट चिकटत नाहीत, असा दावा आहे. काही प्रयोगांत ते दिसलं, काहींत नाही. पाण्यातलं कॅल्शियम मात्र तेवढंच राहतं. आणि आमच्या पाण्यात विरघळलेल्या लोहापुढे पाईपवरचं चुंबक निरुपयोगी. लोह काढायला हवा लागते. हवा मिळाली की लोह तांबडं होऊन खाली बसतं.

म्हणून आम्ही प्लास्टिकचे पाईप घातले, आणि बोअरचं पाणी टाकीत फवाऱ्याने पडेल अशी सोय केली. पुढे वाळूचा फिल्टर. आठ दिवसांनी टाकीच्या तळाशी बोट फिरवलं, तर गेरूसारख्या गाळाने भरून आलं. इतकी वर्षं हा सगळा पाईपात जात होता.