समजून घ्या : बर्फावरचा ‘आठ’ जमेना, चित्रं मात्र विकली जायची! कोण होता टोलर क्रॅन्स्टन?

पनवेल-खारघरमध्ये संध्याकाळी स्केटिंगचा क्लास दिसला, तर बहुतेक मुलं वेगाच्या मागे लागलेली असतात. आर्टिस्टिक स्केटिंग शिकणाऱ्या मुलांचा एक सराव मात्र वेगळा असतो. जमिनीवर रंगवलेल्या गोलांवरून, एका पायावर, सावकाश जायचं. रेषा सोडायची नाही. दोन गोल जोडले की इंग्रजी आठ तयार होतो. या प्रकाराला ‘फिगर्स’ म्हणतात आणि तो चाकांवर आला तो बर्फावरून.

‘फिगर’ म्हणजे नेमकं काय?

फिगर स्केटिंग म्हटलं की उड्या आणि गिरक्या आठवतात. पण नावातली ‘फिगर’ म्हणजे बर्फावर काढलेली आकृती. स्केटच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात, मधे खोलगट पन्हळ. शरीर एका बाजूला झुकवलं की एकच धार टेकते आणि बर्फावर वळणदार रेघ उमटते. तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवायची. नंतर पंच वाकून बघायचे, रेघेवर रेघ बसली की नाही. थोडक्यात, पायाने काढलेलं ड्रॉइंग. १९६०च्या दशकापर्यंत तब्बल ६० टक्के गुण या आकृत्यांना होते. टीव्हीवर मात्र हे बघायला कंटाळवाणं. गुण हळूहळू कमी होत गेले आणि १९९० नंतर हा प्रकार आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बादच झाला.

नियम बदलले, पण उशिरा

कॅनडाच्या टोलर क्रॅन्स्टनची कारकीर्द तोवर कधीच संपली होती. १९४९चा जन्म. १९७१ ते १९७६ सलग सहा वर्षं तो कॅनडाचा विजेता होता. संगीतावरच्या मुक्त सादरीकरणात त्याला तोड नव्हती. १९७२ आणि १९७४च्या जागतिक स्पर्धांत त्या भागात तोच पहिला आला. पण आकृत्यांमध्ये मागे पडायचा. त्यामुळे जगज्जेतेपद कधीच मिळालं नाही. १९७४ला जागतिक कांस्य, १९७६च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्येही कांस्यच. सुवर्ण ब्रिटनच्या जॉन करीला.

गंमत अशी, की बर्फावर आठ गिरवताना गुण गमावणारा हा खेळाडू मॉन्ट्रियलच्या कला महाविद्यालयात शिकलेला चित्रकार होता. स्केटिंगचा खर्च तो चित्रं विकून भागवायचा. रिंकचं भाडं, कोच, प्रवास, पोशाख. हा हिशेब मुलांना क्लासला नेणाऱ्या इथल्या पालकांना वेगळा सांगायला नको. आपल्याकडे दहावी जवळ आली की दोन्ही क्लास बंद होतात. उरतो तो क्रीडागुण आणि इंटरमिजिएटच्या गुणांचा हिशेब.

चित्रांत काय दिसतं?

स्पर्धा सुटल्यावर क्रॅन्स्टन व्यावसायिक शोमध्ये स्केटिंग करत राहिला आणि चित्रंही काढत राहिला. त्यात स्केटर पुन्हा पुन्हा येतात, पण खेळाच्या फोटोसारखे नाहीत. लांबट आकृत्या, फुगलेले झगमगते कपडे, भडक रंग, रिकामी जागा जवळपास नाहीच. काहींना हे जरा जास्तच वाटेल. बर्फावरही तो असाच होता. हात-पाय लांबवर फेकणं, नाट्यमय पोझ घेणं हे त्या काळच्या पुरुष स्केटरांमध्ये चालत नव्हतं. नंतरच्या पिढीने ते उचललं.

खेळाडू चित्रकार झाल्याचं क्रिकेटमधलं उदाहरण म्हणजे इंग्लंडचा यष्टिरक्षक जॅक रसेल. ५४ कसोटी खेळलेला रसेल पुढे पूर्णवेळ चित्रांकडे वळला. क्रॅन्स्टनने मात्र दोन्ही कामं सुरुवातीपासून बरोबरच केली.

१९९०च्या दशकात तो मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेंदे या गावी राहायला गेला. तिथल्या उन्हात, बर्फापासून दूर, तो चित्रं काढत राहिला. जानेवारी २०१५मध्ये वयाच्या ६५व्या वर्षी तिथेच त्याचं निधन झालं.