विद्यापीठीय डिजिटल संग्रह आणि दिव्यांग वाचक : सुगम्यतेची संकल्पना, कायदा व कार्यपद्धती

प्रस्तावना :
दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखिते, छायाचित्रे, व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती व प्रबंध संकेतस्थळावर उपलब्ध करून देणे हे आज विद्यापीठीय ग्रंथालयांचे एक प्रमुख कार्य झाले आहे. मात्र संग्रह संकेतस्थळावर असणे आणि तो प्रत्येक वाचकाला वापरता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सन २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्ती आहेत. त्यांतील विद्यार्थी व संशोधकांना हे संग्रह कितपत खुले आहेत, अडथळे कोठे निर्माण होतात व ते कसे दूर करता येतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुगम्यतेची संकल्पना :
अंध वाचक संगणकावरील मजकूर ‘स्क्रीन रीडर’ या आज्ञावलीच्या साहाय्याने ऐकतो. ‘एनव्हीडीए’ ही त्यांपैकी एक विनामूल्य आज्ञावली होय. कर्णबधिर वाचकास ध्वनिचित्रफितीसोबत लिखित मथळे लागतात. हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेला वाचक माउसऐवजी कळफलक वापरतो, तर अल्पदृष्टी वाचकास अक्षरे मोठी करण्याची सोय आणि अक्षर व पार्श्वभूमी यांतील ठळक रंगभेद आवश्यक असतो. या गरजांचा विचार करून ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम’ या संस्थेने सन १९९९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. सन २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांची मांडणी चार सूत्रांत झाली : आशय जाणवेल असा असावा, वापरता येईल असा असावा, समजेल असा असावा आणि विविध साधनांवर टिकेल असा असावा. सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी रंगभेदाचे किमान प्रमाण ४.५ : १ असावे, यासारखे मोजता येण्याजोगे निकष त्यात आहेत. सन २०२३ मध्ये या तत्त्वांची २.२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

बर्कले येथील प्रकरण :
या विषयातील सर्वाधिक बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले परिसराचे आहे. तेथील व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती जगभरातील वाचकांना विनामूल्य उपलब्ध होत्या. त्यांपैकी अनेकांना अचूक मथळे नसल्याची तक्रार गॅलोडेट विद्यापीठातील दोन कर्णबधिर कर्मचाऱ्यांनी केली. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने हा आशय दिव्यांगांना सुगम्य नसल्याचा निष्कर्ष कळविला. दुरुस्तीच्या खर्चाचे कारण देऊन विद्यापीठाने मार्च २०१७ पासून २०,००० हून अधिक ध्वनी व चित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. तक्रारदारांची मागणी मथळ्यांची होती. मिळाले ते मात्र सर्वांसाठी बंद झालेले दार. पुढे सन २०२२ मध्ये न्याय विभाग व विद्यापीठ यांच्यात समझोता होऊन ऑनलाइन आशय सुगम्य करण्याचे बंधन विद्यापीठाने स्वीकारले. संग्रह उभारतानाच सुगम्यतेची तरतूद न केल्यास पुढे दिव्यांग व इतर वाचक परस्परांचे प्रतिस्पर्धी असल्याचा आभास निर्माण होतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

मराठी संग्रहांपुढील विशेष अडचणी :
पहिली अडचण जुन्या फॉन्टची आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असतात. ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये ‘भारत’ हा शब्द टंकलिखित केल्यास संचिकेत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही अक्षरे साठविली जातात. डोळस वाचकास पडद्यावर शुद्ध मराठी दिसते. स्क्रीन रीडरच्या हाती मात्र निरर्थक रोमन अक्षरे येतात. अशा मजकुरात ‘भारत’ हा शब्द शोधूनही सापडत नाही, म्हणजेच नुकसान सर्वांचेच होते. दुसरी अडचण पानांच्या केवळ प्रतिमा असलेल्या पीडीएफची. अशा पानांत आज्ञावलीला वाचण्याजोगे एकही अक्षर नसते. तिसरी अडचण भाषेच्या नोंदीची. मराठी व हिंदी यांची लिपी एक असल्याने पृष्ठाच्या संकेतांत भाषा मराठी असल्याचे नमूद नसेल तर मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचला जाण्याची शक्यता राहते.

कायद्याची भूमिका :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध करून देण्याच्या उपाययोजना शासनाने करावयाच्या आहेत. राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे अधिनियमाशी विसंगत ठरविले. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांची उपलब्धता हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला. प्रताधिकाराची धास्तीही अनाठायी आहे. प्रताधिकार अधिनियमातील सन २०१२ च्या दुरुस्तीनुसार दिव्यांगांसाठी ना-नफा तत्त्वावर सुगम्य प्रती तयार करता येतात.

कार्यपद्धती :
संपूर्ण संग्रह एकाच वेळी सुगम्य करणे कोणत्याही ग्रंथालयास कठीण आहे. म्हणून क्रम ठरविणे महत्त्वाचे ठरते. प्रथम मुखपृष्ठ, शोधसुविधा व नोंदी कळफलकाने वापरता येतील अशा कराव्यात, कारण ग्रंथ सापडलाच नाही तर तो सुगम्य असून उपयोग नाही. नवीन साहित्य पहिल्या दिवसापासून निकषांनुसारच दाखल करावे. जुन्या साहित्यापैकी अधिक वापराचे ग्रंथ आधी घ्यावेत. उर्वरित साहित्यासाठी वाचकाने मागणी करताच ठरावीक मुदतीत सुगम्य प्रत देण्याची व्यवस्था असावी.

छापील पानांसाठी अक्षर-ओळख आज्ञावली उपयुक्त असली तरी जोडाक्षरांत चुका राहतात, म्हणून मुद्रितशोधन अटळ आहे. मोडी हस्तलिखितांचे जाणकारांकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. छायाचित्राखाली ‘छायाचित्र क्र. १२’ एवढाच मजकूर अंध वाचकास काहीही सांगत नाही; व्यक्ती, स्थळ, प्रसंग व काळ यांचे दोन वाक्यांतील वर्णन त्यास जोडणे आवश्यक आहे. स्वयंचलित तपासणी वर्णनाचे अस्तित्व शोधते, त्याची सार्थता नव्हे. म्हणून अंतिम तपासणीत दिव्यांग वाचकांचा सहभाग असावा व त्यास योग्य मानधन द्यावे.

यात अध्यापकांचा वाटा मोठा आहे. टिपणे व प्रबंध युनिकोडमध्ये लिहिणे, शीर्षके केवळ ठळक न करता शीर्षक-शैलीत देणे, तक्ते चित्ररूपात न टाकणे, या साध्या सवयींनी ग्रंथालयाचे पुढील काम बरेचसे हलके होते.

समारोप :
उद्वाहक असलेल्या इमारतीत वृद्धांनाही सोय होते, त्याचप्रमाणे सुगम्य संग्रहाचा लाभ शोध घेणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास मिळतो. परंतु केवळ या लाभासाठी सुगम्यता स्वीकारणे पुरेसे नाही. विद्यापीठाचे ज्ञान सार्वजनिक असल्याचा दावा करताना काही वाचकांना दारातच थांबावे लागत असेल, तर तो दावा अपुरा ठरतो. सुगम्यता हा दुरुस्तीचा विषय न मानता संग्रहनिर्मितीचाच भाग मानणे, हाच कमी खर्चाचा व न्याय्य मार्ग होय.