सत्तावीसशे रुपये गेले कुठे?

तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. त्या सगळ्या काळात वर्गात कॅल्क्युलेटर दिसला की माझं डोकं फिरायचं. ‘पाढे पाठ नाहीत म्हणून हे खेळणं!’ असं म्हणून मी तो कपाटात टाकून द्यायची. निवृत्त होऊन राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावी आले आणि बचत गटाच्या हिशेबानं मलाच शिकवायला घेतलं.

झालं असं, की महिन्याची बैठक होती. मी वहीतले आकडे वाचत होते आणि खजिनदारबाईंची सहावीतली लेक मोबाइलवर बेरीज करत होती. बेरीज आली १८,४०० रुपये. पेटीत मात्र १५,७०० निघाले. २,७०० कमी! नोटा तीनदा मोजल्या. खजिनदारबाईंचं तोंड उतरलं. कुणी स्पष्ट बोललं नाही, पण दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलंच. ‘मशीन कसं चुकेल?’ एवढंच एक जण म्हणाली. बाकीचं सगळ्यांनी मनात म्हटलं.

रात्री झोप लागेना. २,७०० ला नऊनं भाग जातो, हे एकदम ध्यानात आलं. जुने मुनीम सांगायचे, फरकाला नऊनं भाग गेला तर आकडे उलटे पडलेत का ते आधी बघा. ६३ मधून ३६ गेले की २७ उरतात. ८१ मधून १८ गेले की ६३. कुठलेही दोन अंक उलटवा, फरक नवाच्या पाढ्यातलाच. उठून वही काढली. एकीनं ३,६०० रुपये भरले होते. मी ‘छत्तीसशे’ वाचलं होतं. पोरीनं आधी सहा ऐकलं, मग तीस, आणि त्याच क्रमानं बोटं चालवली : ६३००.

सकाळी चहासुद्धा न घेता खजिनदारबाईंच्या घरी गेले. हिशेब दाखवला, तशी ती माउली पदरात तोंड घालून रडली. आम्ही बाईवर संशय घेतला, यंत्रावर नाही. आणि वाचणारी मी स्वतः, गणिताची बाई!

पोरीची चूक नव्हतीच हो. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि लिहितो दशक आधी. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी, एक नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससोबत ‘वीस एक’ अशीही वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत होत्या, की मुलांचा या जोडाक्षरी संख्यांत गोंधळ होतो. मीही तेव्हा हसले होते. छत्तीसचे त्रेसष्ट लिहिणाऱ्या किती लेकरांना मी ‘लक्ष कुठंय?’ म्हणून ओरडले असेन, ते आता आठवतं आणि वाईट वाटतं.

आता संध्याकाळी चारपाच मुली माझ्या ओट्यावर येतात. कॅल्क्युलेटर चालतो, पण नियम एकच : आधी अंदाज, मग बटण. पावणेसात लिटर दूध, भाव ३१ रुपये. सात गुणिले तीस, म्हणजे दोनशे दहाच्या आसपास. यंत्र २०९.२५ म्हणालं तर ठीक. २०,९२५ म्हणालं तर टिंब हरवलं! कधी खेळ घेते : ‘आठचं बटण बिघडलंय, आता ३८ गुणिले ५ करून दाखवा.’ एकीनं ३९ पाचे १९५ केले आणि त्यातून पाच वजा केले. पाठांतरानं हे आलं असतं का?

दहावीच्या परीक्षेत आपल्याकडे कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा पाढे हवेतच. पण मोबाइल म्हणजे वाईटच, असंही नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ‘जिओजेब्रा’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मोबाइलवर घ्या. त्रिकोणाचं टोक बोटानं ओढलं की कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच. फळ्यावर मी हे कधी दाखवू शकले नव्हते.

गटात आता आकडा वाचताना मी ‘छत्तीसशे, तीन-सहा-शून्य-शून्य’ असं म्हणते. टाइप करणारी पोर तो मोठ्यानं परत म्हणते. ती पोर कोण, हे सांगायला नकोच. बैठकीनंतर घाबरून ‘मी नाही येणार’ म्हणत होती. मी म्हटलं, ‘तूच यायचं.’ परवा तिनंच मला थांबवलं, ‘बाई, अंदाज सांगितला नाही तुम्ही!’

तुमच्या घरीही आज दुधाची चिठ्ठी येईल, किराण्याचं बिल येईल. लेकीला आधी अंदाज विचारा. यंत्राचं उत्तर नंतर बघू.